पर्जन्यछायेतला वॉटर ड्रॅगन

वॉटर ड्रॅगन हा सरडाच आहे. बांधावर किंवा कुंपणावर बसून मान वरखाली करणारा आपला नेहमीचा सरडा ज्या ॲगॅमिडी कुळातला, त्याच कुळातला हा थोरला, हिरवागार भाऊबंद. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. पाणसरडा म्हटले तर ते त्याच्या स्वभावाला शोभते. पाळीव प्राणी म्हणून जगभर दिसतो तो बहुतेक वेळा चिनी वॉटर ड्रॅगन, शास्त्रीय नाव फिझिग्नॅथस कोसिन्सिनस. दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया आणि थायलंड हा त्याचा मुलूख. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा वॉटर ड्रॅगन दिसायला त्याच्या जवळचा असला तरी २०१२पासून तो इंटेलागामा या वेगळ्या प्रजातीत गणला जातो आणि त्याला थंडीही अधिक सोसते. पुढचे सगळे विवेचन चिनी वॉटर ड्रॅगनचे आहे.

पूर्ण वाढलेला नर तीन फुटांपर्यंत जातो, मादी दोन फुटांच्या आसपास राहते. या लांबीतला दोनतृतीयांशाहून अधिक भाग शेपटीचा. शेपटी दोन्ही बाजूंनी चपटी असते, म्हणून पाण्यात ती वल्ह्यासारखी चालते. हा प्राणी सदाहरित जंगलातल्या ओढ्यांच्या काठी राहतो. रात्री पाण्यावर झुकलेल्या फांदीवर झोपतो आणि चाहूल लागली की सरळ खाली पाण्यात उडी टाकून बराच वेळ तळाशी दडून बसतो. वर उंच फांदी आणि खाली पाणी, ही त्याची सुरक्षिततेची व्याख्या आहे. घरात पाळताना ही जोडी तुटली की तो सतत घाबरलेला राहतो आणि त्याचा हिरवा रंग काळपट तपकिरी पडतो.

हा प्राणी पर्जन्यछायेतल्या संगमनेरात पाळायचा तर अडचण हवेपासूनच सुरू होते. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेले हे गाव नदीकाठचे खरे, पण हवा कोरडी. प्रवरा उगम पावते त्या रतनगड-घाटघर पट्ट्यात वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथले पावसाळी ओढे आणि दमट झाडी पाहिली तर वॉटर ड्रॅगनच्या मूळ घराची थोडीफार कल्पना येते. तीच नदी भंडारदऱ्याहून उतरून संगमनेरला पोचेपर्यंत पाऊस पाचेकशे मिलिमीटरच्या आसपास येतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो दहा अंशांपर्यंत उतरतो. या प्राण्याला मात्र बारा महिने साठ ते ऐंशी टक्के आर्द्रता आणि पंचवीस ते तीस अंशांची ऊब लागते. म्हणजे संगमनेरात वॉटर ड्रॅगन पाळणे म्हणजे घरातल्या एका कोपऱ्यात घाटमाथ्याची हवा वर्षभर टिकवून धरणे होय.

त्याआधी कागदपत्रे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा करार म्हणजे साइट्स. नोव्हेंबर २०२२मध्ये पनामा येथे भरलेल्या त्याच्या परिषदेत चिनी वॉटर ड्रॅगनचा समावेश परिशिष्ट दोनमध्ये झाला. व्हिएतनाममधली त्याची जंगले घटत आहेत आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी तो मोठ्या प्रमाणावर पकडला जातो, हे त्यामागचे कारण. त्याच सुमारास भारताने वन्यजीव संरक्षण कायदा १९७२मध्ये दुरुस्ती केली. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतले विदेशी प्राणी अनुसूची चारमध्ये आले. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. प्राणी नव्याने ताब्यात आला, पिल्ले झाली, दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी तेही कळवावे लागते. विक्रेता ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर तिथेच थांबावे. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून सरपटणारे प्राणी कोंबून आणल्याची प्रकरणे सीमाशुल्क विभागाने गेल्या काही वर्षांत वारंवार पकडली आहेत. त्या बॅगांतले कितीतरी जीव उघडण्याआधीच मेलेले असतात. बिनकागदाचा प्राणी विकत घेणारा याच साखळीचे शेवटचे टोक असतो. आपल्याकडची घोरपड तर अनुसूची एकमध्ये आहे. ती घरात ठेवणे हा सरळ गुन्हा.

आता घर. पिल्लू बोटभर जाडीचे आणि वीतभर लांबीचे दिसते म्हणून अनेकजण माशांच्या टाकीत त्याची सोय करतात आणि वर्षभरात फसतात. मोठ्या वॉटर ड्रॅगनला किमान सहा फूट उंच, चार फूट रुंद आणि तीन फूट खोल जागा हवी. गोदरेजच्या कपाटाहून हे घर ऐसपैस होते. उंची महत्त्वाची, कारण त्याचा दिवस फांद्यांवर जातो. दमटपणामुळे साधे प्लायवूड फुगते, म्हणून मरीन प्लाय किंवा पीव्हीसी शीट घ्यावी, सांधे सिलिकॉनने बंद करावेत. ॲल्युमिनियम सेक्शनची खिडक्या-दारे करणारा कारागीर असे घर सहज बनवतो. त्याला फक्त एवढे बजावावे लागते की खाली आणि वर हवा खेळण्यासाठी जाळीच्या पट्ट्या सोडायच्या आहेत. हवा कोंडली तर आर्द्रतेबरोबर बुरशीही येते.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो. या सरड्याला काचेचे कुंपण दिसतच नाही. तो पलीकडे जायला पाहतो आणि नाक काचेवर आपटत, घासत राहतो. ओठांची कातडी सोलवटते, जखमेत जंतू शिरतात, तोंड सडते, पुढे जबडाही वाकडा होतो. पाळलेल्या वॉटर ड्रॅगनमध्ये ही जखम इतकी सर्रास आढळते की चेहरा पाहून त्याचे घर कसे आहे ते ओळखता येते. उपाय साधा आहे. तीन बाजू अपारदर्शक ठेवायच्या, समोरच्या काचेच्या खालच्या फूटभर भागाला कागद किंवा रंगीत पट्टी लावायची आणि आत दडायला भरपूर पाने ठेवायची. मनीप्लँटचे वेल या कामी उत्तम. कण्हेर, रुई अशी विषारी चिकाची झाडे आत नकोत. बसायला पेरूच्या किंवा आंब्याच्या जाड फांद्या आणि बांबू, त्याच्या अंगाइतक्या रुंद, आडव्या आणि तिरक्या बांधाव्यात.

तळाला अंथरायला कोकोपीट सर्वात सोयीचे. टोमॅटोची रोपे तयार करणाऱ्या नर्सऱ्या तालुक्यात ठिकठिकाणी आहेत, त्यामुळे ते शोधावे लागत नाही. पॉलीहाऊसवाल्यांकडची आणखी एक वस्तू इथे उपयोगी पडते, ती म्हणजे फॉगर. लहान फॉगर टायमरला जोडून दिवसातून तीन-चार वेळा काही मिनिटे चालवला तर आर्द्रता टिकते. भिंतीवर आर्द्रतामापक हवाच. अंदाजावर हे काम चालत नाही. दोन फवाऱ्यांच्या मधे पाने आणि वरचा थर थोडा सुकू द्यावा, नाहीतर पोटाच्या कातडीवर फोड उठतात.

खालचा एकतृतीयांश भाग पाण्याचा असावा. प्राण्याला पूर्ण बुडी मारता येईल एवढा टब, बाहेर येण्यासाठी आत उतरता दगड आणि खांद्याइतके खोल पाणी पुरते. वॉटर ड्रॅगन बहुधा पाण्यातच घाण करतो आणि तेच पाणी पितो. म्हणून टब रोज रिकामा करून घासावा लागतो. हे काम स्वयंपाकघरातल्या मोरीत कधीही करू नये. निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर बाई आणि वृद्ध यांना त्यांचा त्रास गंभीर होतो. वेगळा ब्रश, वेगळी बादली, आणि हात साबणाने स्वच्छ धुणे एवढे पाळले तर धोका बराच कमी होतो.

ऊब वरून यायला हवी, कारण जंगलात ती सूर्याकडून येते. सर्वात वरच्या फांदीजवळ ऊन खाण्याची जागा बत्तीस ते पस्तीस अंशांची, मधला भाग अठ्ठावीसच्या आसपास आणि खाली सावलीत पंचवीस-सव्वीस अशी उतरण ठेवली की प्राणी आपल्या गरजेप्रमाणे वरखाली करतो. दिव्याभोवती तारेची जाळी बसवावी, नाहीतर तो दिव्यालाच बिलगून भाजून घेतो. रात्री लाल दिवा लावण्याची पद्धत कोंबड्यांच्या ब्रूडरवरून आली असावी, पण ती इथे चुकीची. वॉटर ड्रॅगनच्या डोक्यावर मधोमध एक बारीक फिकट ठिपका असतो. तो प्रकाशाची जाणीव असलेला तिसरा डोळा आहे. म्हणून रात्र खरोखर अंधारी हवी. ऊब लागलीच तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून वापरावा.

दिव्याची ऊब आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतली दुसरी नजरेला दिसत नाही म्हणून हटकून विसरली जाते. अतिनील-ब किरण कातडीवर पडले की ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि तेव्हाच अन्नातले कॅल्शियम हाडांपर्यंत पोचते. हे किरण मिळाले नाहीत तर जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय थरथरतात, पाठीला बाक येतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, कारण काच हेच किरण अडवते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी खास अतिनील नळी दिवसाचे बारा तास चालू ठेवावी. ती पेटलेली दिसते, पण वर्षभरात तिचे किरण क्षीण होतात. म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून वेळेवर बदलावी. थंडीच्या दिवसांत सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात तासभर गच्चीवरचे खरे ऊन दिले तर त्याहून चांगले काही नाही. मात्र अर्ध्या पिंजऱ्यावर शेडनेटची सावली हवी आणि माणूस शेजारी बसलेला हवा.

खाणे मुख्यतः किड्यांचे. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांआड. रातकिडे, पाळीव झुरळे, सुपरवर्म अळ्या, नाकतोडे हे त्याचे अन्न. त्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरून द्यावी आणि किड्यांनाही आधी दिवसभर गाजर, पाने खाऊ घालावीत. रेशीमकिड्यांच्या अळ्या मऊ आणि पचायला हलक्या असतात. महाराष्ट्रात तुतीची लागवड आणि रेशीमपालन वाढल्यामुळे ओळखीच्या शेतकऱ्याकडून त्या मिळू शकतात. शेतातून नाकतोडे पकडून आणण्याचा मोह मात्र टाळावा. टोमॅटो, कांदा, डाळिंब या पिकांवर फवारणी सतत चालू असते आणि विष घेऊन अर्धमेला झालेला नाकतोडाच हाती सहज लागतो. गांडूळखताच्या वाफ्यातली तांबडी गांडुळेही नकोत, ती त्रास झाला की घाण वासाचा पिवळट द्रव सोडतात. काजव्यांबाबत विशेष सावधगिरी हवी. मे-जूनमध्ये भंडारदरा परिसरातली झाडे काजव्यांनी लखलखतात आणि तिथून बरणीत काजवे आणणारेही असतात. अमेरिकेत फोटिनस प्रजातीचा काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन हा याच कुळातला सरडा मेल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडचा काजवा खाऊ घालून पाहण्याचा प्रयोग करण्याचे कारण नाही. किड्यांबरोबर थोडी भाजी-फळे चालतात: लाल भोपळा, पपई, अंजीर, तुतीची पाने. पालकातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून तो रोजचा नको.

ऋतूंप्रमाणे या घराचे गणित बदलते. एप्रिल-मेमध्ये ऊब देण्याऐवजी ती काढून टाकावी लागते. खोलीचे तापमान अडतीसच्या वर गेले आणि प्राणी तोंड वासून बसला की धोका जवळ आलेला असतो. कोरड्या हवेत डेझर्ट कूलर फार चांगले काम करतो. तो गारवाही देतो आणि ओलावाही. हिवाळ्यात उलट. रात्री घर गार पडले तर खाल्लेले पचत नाही, पोटातच कुजते. वीज गेली तर सिरॅमिक हीटर इन्व्हर्टरवर चालू शकतो. तोही नसेल तर घराला बाहेरून थर्माकोलच्या शीट आणि गोधडी लावून, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी आत ठेवावी. पावसाळा हा त्यातल्या त्यात सोपा काळ.

दोन नर एका घरात कधीही ठेवू नयेत. मारामारी दिसली नाही तरी दबलेला नर खाणे सोडतो. मादी एकटी असली तरी अंडी घालते, हे अनेकांना ठाऊक नसते. पोट फुगले, खाणे थांबले आणि ती सारखी तळ उकरू लागली की वीतभर खोल ओलसर माती-कोकोपीटची पेटी तिला द्यावी. जागा पसंत पडली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि त्यात ती दगावू शकते. ही अंडी बहुधा फोल असतात, पण नेहमीच नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात नराचा संबंध न आलेल्या मादीच्या अंड्यातून २०१६मध्ये पिल्लू जन्मले आणि जनुकीय तपासणीत त्याला पिता नसल्याचे सिद्ध झाले.

आजारपणात मोठी अडचण अंतराची. संगमनेर हा दुधाचा तालुका, त्यामुळे गायी-म्हशींचे चांगले डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य मात्र नाशिक-पुण्यासारख्या शहरात शोधावा लागतो. नाशिक सत्तर किलोमीटर, पुणे त्याच्या दुप्पट. प्राणी आणण्यापूर्वीच त्या डॉक्टरांचा नंबर आणि भेटीच्या वेळा विचारून ठेवाव्यात, आणि आणल्यावर पहिल्या पंधरवड्यात विष्ठेची तपासणी करून घ्यावी, कारण पकडून आणलेल्या प्राण्यांच्या पोटात बहुधा जंत असतात. नेताना त्याला सुती पिशवीत घालून ती भोके पाडलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवावी. अंधारात तो शांत राहतो.

नीट सांभाळलेला वॉटर ड्रॅगन दहा ते पंधरा वर्षे जगतो. एवढ्या काळात नोकरी बदलते, घर बदलते, हट्ट करून तो आणायला लावणारे मूल शिक्षणासाठी बाहेर जाते. सांभाळणे अशक्य झाले तर नोंदणी हस्तांतरित करून तो जाणकार पाळणाऱ्याकडे द्यावा किंवा वनविभागाशी बोलावे. प्रवरेच्या काठी नेऊन सोडणे हा पर्याय नाही. पहिल्या हिवाळ्यातच गारठून मरण्याची शक्यता अधिक, आणि त्याआधी त्याच्या अंगातले परके जंतू नदीकाठच्या सरड्या-बेडकांपर्यंत पोचलेले असू शकतात.