संगणक मंद होतो म्हणजे काय होते?

शाळेत संगणकाचा तास ३५ मिनिटांचा. विद्यार्थी रांगेने खोलीत येतात, बटण दाबतात आणि वाट पाहत बसतात. पडद्यावर चित्र उमटते, पण कशावरही क्लिक केले तरी काही हलत नाही. तासातील पाचसात मिनिटे अशीच जातात. ‘संगणक म्हातारे झाले, नवे घ्यायला हवेत,’ असा निष्कर्ष निघतो. पैसे नसल्याने तो कागदावरच राहतो आणि पुढच्या तासाला पुन्हा तीच प्रतीक्षा. हा निष्कर्ष कितपत बरोबर आहे, हे आपण थोड्या अंकगणिताच्या मदतीने तपासून पाहू.

प्रथम एक गैरसमज दूर करू. संगणकाचा प्रोसेसर सायकलच्या साखळीसारखा झिजत नाही. सेकंदाला २०० कोटी ठोके देणारी चिप दहा वर्षांनंतरही साधारणपणे तितकेच ठोके देते. पंख्यात धूळ साचली तर चिप तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, हे खरे. पण तो दोष धूळ झाडल्याने जातो. मग वेळ जातो कुठे? बहुतेक वेळा प्रोसेसर काम करीत नसतोच, तो वाट पाहत असतो.

कशाची वाट? जुन्या संगणकात सारी माहिती हार्ड डिस्कवर, म्हणजे फिरणाऱ्या चुंबकीय चकतीवर साठवलेली असते. चकती मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकवायला आणखी ८ मिलिसेकंद धरू. एकूण १२ मिलिसेकंद. याचा अर्थ, माहिती विखुरलेली असेल तर डिस्क सेकंदाला जेमतेम ८० तुकडे देऊ शकते.

संगणक चालू होताना ऑपरेटिंग सिस्टिमला असंख्य फायलींचे लहान लहान तुकडे गोळा करावे लागतात. समजा, असे ८००० तुकडे लागले. ८००० भागिले ८०, म्हणजे १०० सेकंद निव्वळ वाट पाहण्यात गेले. वाचनाचा क्रम नीट लावून ऑपरेटिंग सिस्टिम यातील काही वेळ वाचवते, पण चकतीचे फिरणे काही टळत नाही. आता चकतीऐवजी एसएसडी बसवली असे समजा. तिच्यात फिरणारा भागच नसतो. एक तुकडा मिळायला सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो. ८००० तुकड्यांना एक सेकंदही पुरतो.

जीन ॲमडाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. कामाचा जो भाग आपण वेगवान करतो, त्याचा एकूण वेळेत वाटा किती, यावर सारा फायदा ठरतो. आपल्या उदाहरणात चालू होण्याच्या १२० सेकंदांपैकी १०० डिस्कचे आणि २० प्रोसेसरचे आहेत असे धरा. दुप्पट वेगाचा महाग प्रोसेसर घेतला तर वेळ ११० सेकंदांवर येईल. प्रोसेसर तोच ठेवून एसएसडी बसवली तर तो सुमारे २१ सेकंदांवर येईल.

दुसरे कारण म्हणजे अपुरी रॅम. रॅम म्हणजे शिक्षकाचे टेबल आणि डिस्क म्हणजे दूरचे ग्रंथालय अशी कल्पना करा. टेबल भरले की नवे पुस्तक ठेवण्यासाठी जुने ग्रंथालयात पाठवावे लागते. संगणकही हेच करतो. मँचेस्टर येथे १९६२ साली कार्यान्वित झालेल्या ॲटलास संगणकात ही युक्ती प्रथम वापरली गेली. मात्र टेबल फारच लहान असेल तर जे पुस्तक आत्ता परत पाठवले तेच पुढच्या क्षणी हवे असते. सारा वेळ ने-आण करण्यात जातो आणि शिकवणे होतच नाही. या स्थितीला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली तिची कारणमीमांसा केली. रॅममधून माहिती मिळायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. हा काळ एक सेकंदाएवढा ताणला, तर एसएसडीसाठी सुमारे १७ मिनिटे आणि हार्ड डिस्कसाठी एका दिवसाहून अधिक वेळ थांबावे लागेल!

तेव्हा उपचाराआधी निदान करावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसरचा वापर दहा टक्के आणि डिस्कचा शंभर टक्के दिसत असेल, तर रोग डिस्कचा आहे. रॅम जवळजवळ भरलेली असेल, तर ती वाढवावी किंवा तिच्यावरील भार कमी करावा. भार कमी करण्याचा बिनखर्चाचा उपाय त्याच टास्क मॅनेजरमध्ये, ‘स्टार्टअप’ या विभागात आहे. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे, पण आपल्याला नको असलेले प्रोग्रॅम तेथे बंद करता येतात. खिडक्यांच्या सावल्या आणि हालचाली बंद केल्याने मात्र रॅम फारशी मोकळी होत नाही. केवळ खिडकी उघडताना होणारा क्षणभराचा विलंब टळतो.

काही उपाय टाळावेत. ‘रॅम मोकळी करणारे’ प्रोग्रॅम उलट नुकसान करतात, कारण रिकाम्या रॅममध्ये ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा लागू शकणारी माहिती जपून ठेवत असते. ती काढून टाकली की परत डिस्कवरून आणावी लागते. हार्ड डिस्कवरील फायली सलग लावण्याने फायदा होतो. एसएसडीला सरकवायचे टोकच नसल्याने त्याची गरज नाही. विषाणूरोधक प्रोग्रॅम वेगासाठी बंद करणे तर चौकीदाराचा पगार वाचवण्यासारखे आहे.

यातून विद्यार्थ्यांसाठी एक चांगला प्रयोग तयार होतो. बटण दाबल्यापासून लेखनाचा प्रोग्रॅम उघडून पहिले अक्षर उमटेपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने तीन वेळा मोजावा व सरासरी काढावी. मग एकच बदल करून पुन्हा मोजावे. विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ करताना सिस्टिमच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवण्याची सोय आहे. त्यामुळे पुढचा आरंभ लवकर होतो आणि आकडे फसवतात. म्हणून प्रत्येक वेळी ‘रीस्टार्ट’ करूनच मोजावे.

हा प्रश्न आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था अनेक जुन्या संगणकांत नाही. असे संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्यांत एसएसडी बसवून, एक्सएफसीई सारखा हलका डेस्कटॉप असलेली लिनक्स प्रणाली घालून पाहावी. आधी आपल्या जुन्या फायलींची प्रत मात्र वेगळी काढून ठेवावी. त्यानंतरही स्टॉपवॉचने समाधान केले नाही, तर नव्या संगणकाची मागणी खुशाल करावी. त्या अर्जाला मोजलेल्या आकड्यांचा आधार असेल.