बॅटरी बसली, म्हणजे नेमकं काय झालं?

वावरातली वीज : भाग ६

मिरचीच्या पानांवर चुरडामुरडा दिसायला लागला की भिवापूर तालुक्यात पाठीवरचे फवारणी पंप एकदम बाहेर निघतात आणि त्यातले बरेच थेट दुरुस्तीच्या दुकानात पोचतात. तिथलं वाक्यही ठरलेलं : ‘भाऊ, बॅटरी बसली. नवीन टाकून द्या.’ म्हणजे रोगी येतानाच औषधाची चिठ्ठी लिहून आणतो. दुकानदार मीटर लावतो, मीटर १२.४ व्होल्ट दाखवतो, ‘बॅटरी तर बरी आहे’ म्हणून पंप परत जातो. वावरात दोन टाक्या मारल्या की मोटर पुन्हा रडायला लागते.

इथे शेतकरीही खरं सांगतो आणि मीटरही. फक्त पंप बंद असताना मोजलं गेलं, तिथे घोटाळा झाला.

बहुतेक पंपांत १२ व्होल्ट, ८ एएचची शिशाची बंद बॅटरी असते. आत दोन-दोन व्होल्टची सहा घरं. पूर्ण चार्ज करून काही तास ठेवली तर ती साधारण १२.७ किंवा थोडं वर दाखवते. १२ च्या आसपास आली तर जवळपास रिकामी. पण हे आकडे आरामातले. ट्रिगर दाबला की मोटर दोन-अडीच अ‍ॅम्पिअर ओढते आणि तेव्हा बॅटरीच्या आतला अडथळा उघडा पडतो. म्हातारी झालेली बॅटरी आरामात १२.५ दाखवेल आणि मोटर सुरू होताच १० वर कोसळेल. म्हणून मीटर लावायचा तो पंप चालू ठेवून, टाकीत साधं पाणी भरून, नोझल उघडं ठेवून. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीचा आकडा दहा मिनिटं १२ च्या आसपास टिकला तर बॅटरीला दोष देऊ नका. झरझर उतरला तर मात्र तीच दोषी. पूर्ण चार्ज करूनही आरामातच साडेदहा दाखवत असेल, तर सहातलं एक घर मेलं आहे. त्यावर इलाज नाही.

मीटर घेताना एक सांभाळा. लाल वायर व्होल्टच्या भोकात हवी. ती १० अ‍ॅम्पिअरच्या भोकात राहिली आणि तशीच बॅटरीला टेकवली, तर तो सरळ शॉर्ट. मीटर जातो, कधी बोटंही भाजतात.

मीटर नसेल तर मोटारसायकलच्या हेडलाईटचा १२ व्होल्ट ३५ वॉटचा बल्ब घ्या. तो तीन अ‍ॅम्पिअरच्या जवळपास ओढतो, म्हणजे पंपाहून किंचित जास्तच. चार्ज केलेल्या बॅटरीवर तो पाच मिनिटांत पिवळा पडला तर उत्तर मिळालं. मला तर ही पद्धत मीटरपेक्षा आवडते, कारण मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं आणि दुकानदारावर संशय राहत नाही.

आता बॅटरी चांगली निघाली, तरी पंप मंद आहे असं समजा. तर बॅटरीच्या टोकांवरच्या थिंबल काढून बघा. औषधाचे थेंब, घाम आणि ओल मिळून तिथे हिरवट-पांढरा थर धरतो. हा थर दिसायला किरकोळ, पण अर्ध्या ओहमचा अडथळा झाला तरी अडीच अ‍ॅम्पिअरला सव्वा व्होल्ट तिथेच खर्च होतो. बॅटरीवर १२.३ आणि मोटरच्या वायरवर ११ असा फरक दिसला की समजा, चोर वाटेत आहे : थिंबल, स्विच, फ्यूजची पकड किंवा वेग कमी-जास्त करायचं बटण. थिंबल सोड्याच्या पाण्याने पुसा, सँडपेपर फिरवा, पकडीने किंचित दाबून घट्ट बसवा, वर व्हॅसलिनचं बोट. आणि हे सगळं करण्याआधी पंप बाहेरून-आतून साबणाने धुवा आणि हातमोजे घाला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, तेव्हा बारीक तुषार उडवणाऱ्या या बॅटरी पंपांकडेही बोट दाखवलं गेलं होतं. रिकाम्या दिसणाऱ्या पंपालाही औषध चिकटलेलंच असतं.

मोटरवर पूर्ण व्होल्टेज पोचतो आणि तरी दाब नाही, तर वीज सोडा. नोझल, ट्रिगरमधली जाळी, टाकीतली गाळणी, शेवटी डायफ्राम. मोटर सारखी चालू-बंद होत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा प्रेशर स्विच बिघडलाय.

सगळ्यात जास्त फसवतो तो चार्जरचा हिरवा दिवा. लोक समजतात, हिरवा म्हणजे भरली. प्रत्यक्षात हिरवा म्हणजे एवढंच की चार्जरमधून आता फारसा करंट जात नाही. तो का जात नाही, हे दिव्याला ठाऊक नसतं. बॅटरी भरली असेल. चार्जिंगची पिन आतून तुटली असेल. किंवा बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कडक थर बसून ती करंट घेतच नसेल. ओळखायचं कसं? चार्जर लावा आणि बॅटरीच्या टोकांवरच मोजा. आकडा जागचा हलत नाही, तर पिन किंवा वायर तुटली आहे. दुरुस्ती स्वस्तात होईल. रिकामी बॅटरी पाच-दहा मिनिटांत उडी मारून १४ च्या वर गेली, दिवा हिरवा झाला आणि चार्जर काढताच मोटर दोन मिनिटांत थकली, तर तो थर. नवा चार्जर घेऊन काही होणार नाही.

हा थर बसतो कधी? काम करताना नव्हे. मिरचीची शेवटची फवारणी झाली की पंप अर्धवट उतरलेल्या बॅटरीसकट टिनाच्या कोठ्यात खुंटीला लागतो. पुढे आपला मे महिना, ४५ अंशांचा. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, आणि दर दहा अंशांच्या वाढीला हा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात पंपावरचा छोटा मीटर किंवा दिवा जोडलेला राहिला तर तोही थोडं थोडं पीत राहतो. उतरलेल्या अवस्थेत महिनेच्या महिने राहिली की पट्ट्यांवरचा मऊ थर कडक स्फटिकांचा होतो. जुलैत पंप काढतात तेव्हा बॅटरी आधीच गेलेली असते; दोष पहिल्या फवारणीला. हंगाम संपताच पूर्ण चार्ज करा, वायर सोडा, बॅटरी काढून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा, दर दोन महिन्यांनी एकदा चार्ज करा.

अलीकडे लिथियमचे हलके पंप आलेत. यांचा आजार आवाजावरून ओळखू येतो. शिशाची बॅटरी संपताना मोटर हळूहळू कण्हत थांबते. लिथियमची जोरात चालता चालता एकदम गप्प. आतल्या बीएमएस नावाच्या पट्टीने रस्ता तोडलेला असतो, घरं वाजवीपेक्षा खाली जाऊ नयेत म्हणून. तिचाच चार्जर लावला की बऱ्याचदा ती जागी होते. नाही झाली तर बीएमएस बाजूला करून थेट वायर जोडण्याचा ‘जुगाड’ करू नका. फार खाली गेलेल्या घरात तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. चार्जरचीही अदलाबदल करू नका : तीन घरांची लिथियम १२.६ ला भरते, शिशाचा चार्जर १४ च्या वर जातो. दोन्हींची पिन बऱ्याचदा सारखी असते, हा कारखानदारांचा निष्काळजीपणाच म्हणावा लागेल.

या पंपांच्या पॅकमध्ये बहुधा १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब अशी घरं असतात. मोठ्या व्हेपिंग यंत्रांत, म्हणजे ई-सिगारेटमध्येही हीच घरं वापरतात, लहान पेनांत त्यांचीच छोटी भावंडं. त्या यंत्रांचे बिघाडही याच घराण्यातले : पिनेवर चिकट रस साचतो, कॉइल तापवताना व्होल्टेज कोसळतो, संरक्षक सर्किट रस्ता तोडतं, दिवा लुकलुकतो. पण आपल्याकडे सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात सगळं बंद आहे. त्यामुळे चोरवाटेने आलेल्या या मालाला ना बिल, ना वॉरंटी, ना खात्रीचा सेल. माझं मत स्पष्ट आहे : ते चालू करण्याच्या फंदात पडूच नका. मुलाच्या दप्तरात असं काही सापडलं आणि ते फुगलेलं किंवा गरम लागलं, तर टोचू नका, चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नका. कोरड्या रेतीच्या डब्यात, घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

शिशाच्या जुन्या बॅटरीचं तसं नाही, तिला भाव आहे. नवी घेताना जुनी देऊन किंमत कमी करून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. फोडून शिसं काढणाऱ्याला मात्र देऊ नका. तिचं आम्ल आणि शिसं गावाच्याच मातीत मुरतं.

पुढच्या भागात कुंपणाची झटका मशीन. कऱ्हांडल्याच्या जंगलाला लागून असलेल्या वावरांत ती रानडुकरांसाठी रात्रभर चालते आणि तिची बॅटरी पंपाच्या बॅटरीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने मरते. तोवर एकच : ती बॅटरी बसली तर कुंपण एक रात्र बंद राहू द्या, तारेत घरची लाईन सोडू नका. जय नावाच्या वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच वीज सोडलेल्या तारेने मेला, आणि अशा तारांना माणसंही चिकटली आहेत.