जुनी स्की बोट आणि पेट्रोलची वाफ

बऱ्हाणपूरला तापी आहे, पण स्की बोट पळवण्याजोगं अफाट पाणी शेजारच्या खंडवा जिल्ह्यात, नर्मदेवरच्या इंदिरासागर जलाशयात हनुवंतियाला मिळतं. तिथं न्यायला कुणी 1961 साली निघालेल्या ‘स्की नॉटिक’च्या धर्तीची जुनी इनबोर्ड बोट दुरुस्तीला घेतली, तर आधी रंग आणि गाद्यांवर पैसा जातो. जायला हवा पेट्रोलच्या नळ्यांवर.

मोटारीतून गळलेलं पेट्रोल रस्त्यावर पडतं, वाफ वाऱ्यावर जाते. इनबोर्ड बोटीत इंजिन पोटात बंद असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून ती बुडाशी साचते; हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळली तरी एक ठिणगी पुरते. म्हणून चावी फिरवण्याआधी ब्लोअर, म्हणजे ही वाफ बाहेर काढणारा पंखा, किमान 4 मिनिटं चालवायचा, शिवाय इंजिनावरचं झाकण उघडून वास घ्यायचा. नाकाला पर्याय नाही!

मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर स्वस्तात बसवू नये. बोटीसाठीच्या यंत्रांतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू शकत नाही, अशी त्यांची बांधणी असते. कार्ब्युरेटरवर ज्वालारोधक जाळीही हवीच.

आपल्याकडची नवी अडचण म्हणजे पंपावरचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्यानं जुनं रबर फुगतं, मऊ पडतं; जुन्या फायबरच्या टाक्यांचं रेझिनही विरघळू शकतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि पाणी वाढलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळी बसतात. तेव्हा जुन्या नळ्या वरून धडधाकट दिसल्या तरी काढून टाकाव्यात, आणि इथेनॉल सोसणाऱ्या, बोटीसाठीच्याच नळ्या घालाव्यात.