गिरणीच्या फाटकावर भेटलेली बाई

पहाटेचे साडेचार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका कापडगिरणीच्या फाटकाबाहेर रोझलिन कार्टर मतं मागत उभ्या होत्या. पती जिमी गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत होते. रात्रपाळी संपवून एक बाई बाहेर आली. तिच्या केसांना, कपड्यांना कापसाचे तंतू चिकटले होते. आता घरी जाऊन थोडी झोप मिळेल ना, असं रोझलिन यांनी विचारलं. मिळाली तर बरं, ती म्हणाली; घरी मुलगी मानसिक आजारी, नवऱ्याच्या पगारात भागत नाही.

त्याच दिवशी जिमी यांची सभा होती. रोझलिन लोकांच्या रांगेत शिरल्या आणि पाळी आल्यावर नवऱ्यालाच विचारलं: निवडून आलात तर मानसिक रुग्णांसाठी काय करणार? राज्यात उत्तम व्यवस्था उभारू आणि ती जबाबदारी तुझ्यावरच सोपवू, असं उत्तर मिळालं.

रोझलिन यांनी ते उत्तर पुढची पाच दशकं सोडलं नाही.

१९७७ मध्ये जिमी राष्ट्राध्यक्ष झाले. मानसिक आरोग्यावर आयोग नेमला गेला, पण नातेवाइकांच्या नेमणुकीला कायद्याची आडकाठी असल्याने रोझलिन मानद अध्यक्ष राहिल्या. अधिकार नव्हता, तरी त्यांनी देशभर सुनावण्या घेतल्या आणि १९७९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १९८० मध्ये कायदा झाला. दुसऱ्याच वर्षी नव्या सरकारने त्यातला बराचसा भाग गुंडाळला. रोझलिन यांनी काम थांबवलं नाही. मानसिक आजारालाही इतर आजारांसारखंच विमासंरक्षण मिळावं, ही त्यांची मागणी होती. तसा कायदा २००८ मध्ये झाला. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

हातोडा घेऊन घरं बांधायलाही त्या जात. २००६ मध्ये कार्टर दांपत्य 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'च्या स्वयंसेवकांबरोबर लोणावळ्याजवळ आलं आणि तिथे गरीब कुटुंबांसाठी घरं उभी राहिली. कार्टर घराण्याला महाराष्ट्र नवा नव्हता. रोझलिन यांच्या सासूबाई लिलियन यांनी साठी उलटल्यावर विक्रोळीत परिचारिका म्हणून सेवा केली होती.

घरच्या रुग्णासाठी रात्रंदिवस राबणाऱ्यांकडे कुणी बघत नाही, ही खंत रोझलिन यांना कायम होती. वडील गेले तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या. आजारपणाने घराची काय दशा होते, हे त्यांनी लहानपणीच पाहिलं होतं. म्हणून १९८७ मध्ये त्यांनी अशा शुश्रूषा करणाऱ्यांसाठी जॉर्जियातच संस्था सुरू केली. २०२३ मध्ये खुद्द त्यांनाच स्मृतिभ्रंश झाल्याचं कुटुंबाने जाहीर केलं. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, प्लेन्स या आपल्या गावी, राहत्या घरी त्यांनी शेवटचा श्वास घेतला.