बदलत्या जगातील मुत्सद्देगिरी आणि इंटरनेटचा कारभार : एक ओळख

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा उभा राहिला, तेव्हा शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितल्याप्रमाणे सिद्धार्थाने त्या ठरावास विरोध केला व दुसरी सूचना मांडली. दोन्ही पक्षांनी आपापली दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. सूचना बहुमताने फेटाळली गेली. परंतु सर्वांनी वाटून वापरावयाच्या गोष्टीचे नियम युद्धाने नव्हे, तर एकत्र बसून ठरवावेत, हा विचार त्यातून आपल्याला मिळाला. मुत्सद्देगिरी म्हटले की आपल्याकडे डावपेच व लबाडी असा अर्थ घेतला जातो. वास्तविक तिचे खरे रूप हेच आहे.

आज पाण्याप्रमाणेच सर्व जगाने वाटून वापरावयाची एक नवी गोष्ट निर्माण झाली आहे, ती म्हणजे इंटरनेट. त्याचा मालक कोण, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर, एकच एक मालक कोणीही नाही. मात्र कारभार आहे. संकेतस्थळांची नावे व यंत्रांचे क्रमांक यांची जगभराची व्यवस्था १९९८ साली स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था पाहते. या नावांच्या मुळाशी असलेल्या १३ रूट सर्व्हरांचे काम १२ संस्था सांभाळतात. या व्यवस्थेवर अमेरिकन सरकारची जी देखरेख होती, ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली.

मग नियम कोण करणार? २००३ साली जिनिव्हा येथे आणि २००५ साली ट्युनिस येथे संयुक्त राष्ट्रांची माहिती समाजविषयक शिखर परिषद दोन टप्प्यांत भरली. ट्युनिस येथे असे मान्य झाले की, इंटरनेटचा कारभार म्हणजे सरकारे, खाजगी उद्योग आणि नागरी समाज यांनी आपापल्या भूमिकेतून तयार केलेली व अमलात आणलेली समान तत्त्वे, नियम व निर्णयपद्धती. त्याच परिषदेतून ‘इंटरनेट गव्हर्नन्स फोरम’ हे चर्चापीठ निर्माण झाले. त्याची पहिली बैठक २००६ साली अथेन्सला भरली, तर २००८ सालची आपल्या हैदराबादला. येथे मतदान होत नाही व बंधनकारक ठरावही होत नाहीत. परंतु येथे जे मुद्दे रुजतात, ते पुढे कायद्यांत आणि करारांत उतरू शकतात.

पूर्वीच्या मुत्सद्देगिरीपेक्षा हे वेगळे आहे. १८६५ साली पॅरिस येथे तारायंत्राच्या नियमांसाठी आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, तेव्हा करारावर सह्या केल्या त्या सरकारांच्या प्रतिनिधींनी. आज त्याच चर्चेत तंत्रज्ञ, कंपन्या, प्राध्यापक व सामाजिक संस्था बसतात. कंपन्यांचे बळ इतके वाढले आहे की, डेन्मार्कने २०१७ साली तंत्रज्ञान क्षेत्रासाठी स्वतंत्र राजदूत नेमला. दार रुंद झाले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु उघड्या दारातून तयारी असलेलाच आत जातो व बोलतो.

ही तयारी शिकवता येते. माल्टा येथे १९९२ साली मुत्सद्देगिरी आणि संगणक यांची सांगड घालणारे काम सुरू झाले. त्यातूनच माल्टा व स्वित्झर्लंड या सरकारांच्या पुढाकाराने २००२ साली ‘डिप्लो फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. लहान व विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांना घरबसल्या शिकता यावे, हा तिचा एक प्रमुख हेतू. अशा शिक्षणात काय असते? प्रथम इंटरनेट चालते कसे, याची ओळख. नंतर खाजगीपणा, सुरक्षितता, भाषा, व्यापार व मानवी हक्क हे विषय. त्याबरोबर लुटुपुटूच्या वाटाघाटीही असतात. एका विद्यार्थ्याने एका देशाची बाजू मांडावयाची, दुसऱ्याने कंपनीची. मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत झालेले नाही, ते चौकटी कंसात ठेवतात आणि एकेक कंस सोडवीत जातात. ‘करावे’ लिहावयाचे की ‘केलेच पाहिजे’, यावर रात्र रात्र वाद चालतो. कारण एका क्रियापदाने हक्काचे रूपांतर सल्ल्यात होते.

हे सर्व आपल्यापासून दूर आहे असे कोणी समजू नये. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र मराठीला लागतो, हिंदीला लागत नाही. देवनागरीत संकेतस्थळांची नावे देण्याचे नियम ठरत असताना नऊ भारतीय लिपींसाठी तज्ज्ञांचे मंडळ बसले होते. त्या अर्ध्या र साठी नियमांत जागा ठेवली गेली, कारण तो प्रश्न जाणणारी माणसे तेथे होती. ती नसती तर ‘वऱ्हाड’ नावाचे संकेतस्थळ मराठीत नीट लिहिता आले नसते.

आम्ही बँकेत काम करतो. एखादी वृद्ध बाई पेन्शनसाठी येते, आयुष्यभर काबाडकष्ट करून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, आणि ती आम्हांलाच विचारते, “साहेब, मी कोण ते आता कसं सांगू?” हे यंत्र काही जिनिव्हात ठरले नाही. पण ज्यांनी ते बसविण्याचे ठरविले, त्यांच्या टेबलाभोवती तिची बोटे पाहिलेले कोणी नसावे, एवढे खास. आपली माणसे नसलेल्या ठिकाणी झालेले नियम आपल्यालाच जाचतात, हा आपल्या समाजाचा जुना अनुभव आहे.

म्हणूनच बाबासाहेबांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत ते अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बोलले. पण त्याच्या ११ वर्षे आधी, १९१९ साली, त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती, आणि त्याही आधी कोलंबियात अर्थशास्त्राचा अभ्यास केला होता. खुर्ची नंतर मिळाली, अभ्यास आधी झाला होता.

आमच्या विद्यार्थ्यांसाठी आज मार्ग आहेत. ‘आयकॅन’ व ‘इंटरनेट सोसायटी’ यांचे विनामूल्य अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात. ‘आयकॅन’ची शिष्यवृत्ती २००७ पासून असून निवड झालेल्यांचा प्रवासखर्च ती संस्था करते. भारतातही २०२१ पासून या विषयाचे राष्ट्रीय चर्चापीठ भरू लागले. अडचण आहे ती मुख्यतः इंग्रजीची. तिच्यावर उपाय म्हणून आम्ही मंडळास एक सूचना करतो. विहारात दर रविवारी वंदनेनंतर दोन तास अभ्यासवर्ग भरवावा. एका मुलाने पाठ वाचावा, दुसऱ्याने तो मराठीत समजावून सांगावा, आणि महिन्यातून एकदा लुटुपुटूची परिषद घ्यावी. कायद्याच्या, संगणकाच्या आणि कला शाखेच्याही विद्यार्थ्यांनी त्यात यावे. शब्दांचे मोल कला शाखेच्या मुलांना कळते आणि मसुदा हा शब्दांचाच असतो.

या वर्गातून दहा वर्षांत दोन मुले जरी त्या टेबलापर्यंत पोहोचली, तरी त्या बाईच्या प्रश्नाला तेथे वाचा फुटेल. त्यासाठी सुरुवात येत्या रविवारी व्हावी, इतकीच आमची विनंती.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.