आधी विमान ठरवा, मग जॉयस्टिक

लोहगावहून उठलेलं सुखोई शिरूर-दौंडच्या शिवारावरून गेलं की विमान पुढे निघून जातं आणि आवाज मागून येतो. सुखोई-३० पुण्यात पहिल्यांदा दाखल झालं १९९७ साली. म्हणजे या दोन तालुक्यांतली एक अख्खी पिढी त्या आवाजाखाली वाढली. त्यातलीच काही पोरं आता घरच्या संगणकावर 'डीसीएस वर्ल्ड' नाहीतर 'आयएल-२' हे विमान उडवायचे खेळ उघडून बसतात आणि जॉयस्टिक कोणती घ्यायची, इथे अडतात. दुकानदार आणि यूट्यूब मिळून जे सांगतात, त्यातलं बरंचसं अर्धवट असतं.

'बटणं जास्त तेवढी जॉयस्टिक भारी' हा पहिला गैरसमज. बटणाचं काम कीबोर्डही करतो. चाकं वर घेणं असो की क्षेपणास्त्र सोडणं. कीबोर्डला जमत नाही ते थोडं-थोडं दाबणं, म्हणजे अक्ष. लढाऊ विमानाला असे चार अक्ष लागतातच: नाक वर-खाली, पंख डावे-उजवे, शेपटीचं रडर आणि इंजिनाचा थ्रॉटल. लॉजिटेकच्या 'एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो'सारख्या साध्या जॉयस्टिकवर हे चारही आहेत. दांडा पिळला की रडर, बुडाशी छोटी पट्टी म्हणजे थ्रॉटल. शिकाऊ माणसाला एवढं पुरतं.

याच्या उलट, 'थ्रस्टमास्टर वॉर्टहॉग' बघा. ए-१० विमानाच्या दांड्याची हुबेहूब प्रतिकृती, धातूची, हातात घेतली की सोडवत नाही. पण तिचा दांडा पिळत नाही, कारण खऱ्या विमानात रडर पायाने चालतं. म्हणजे पॅडल वेगळे घ्या. एवढा खर्च करून पॅडलविना बसलेला माणूस धावपट्टीवर विमान सरळ ठेवायलाच झगडतो. शिवाय 'खऱ्यासारखं तेच उत्तम' म्हणताना खरं कोणतं, हेही विचारावं. एफ-१६चा दांडा जेमतेम काही मिलिमीटर हलतो. तो हाताचा जोर मोजतो. राफेलचा दांडा वैमानिकाच्या उजव्या बाजूला, तेजसचा दोन पायांच्या मध्ये. सगळ्यांची नक्कल एकाच दांड्यात होत नाही.

जेट विमान आधुनिक, म्हणून त्याला अक्ष जास्त, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दुसऱ्या महायुद्धातली पंख्याची विमानं जास्त अक्ष मागतात: थ्रॉटल वेगळा, पंख्याच्या पात्यांचा कोन वेगळा, काहींत इंधन-हवेचं मिश्रण आणि रेडिएटरची झडपही. जेटमध्ये हे बरंचसं यंत्रणाच सांभाळते. तिथे रडार आणि शस्त्रांसाठी अंगठ्याखाली चार दिशांची बटणं हवीत. तेव्हा महायुद्धातली विमानं उडवणाऱ्या 'आयएल-२'वाल्याने पट्ट्या आणि चकत्या असलेला थ्रॉटल बघावा, मिग-२१ किंवा एफ-१८ उडवणाऱ्याने बटणं बघावीत. दोन इंजिनांसाठी दुभंगलेला थ्रॉटल मात्र क्वचितच कामाला येतो. एक इंजिन बंद पडेपर्यंत दोन्ही दांड्या एकत्रच सरकतात.

आता धुळीचं. ऊसवाहतुकीच्या हंगामात रस्त्याकडेच्या घरात काय होतं, ते दौंडकरांना सांगायला नको. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतात: कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारा संपर्क. तो झिजतो, धूळ धरतो. विंडोजमधली गेम कंट्रोलरची खिडकी उघडून दांड्याला हात न लावता बघा. मधलं अधिकचं चिन्ह थरथरत असेल, मध्येच उडी मारत असेल, तर तेच दुखणं. पुष्कळदा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडच्या कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने ते बरं होतं. लगेच नवी घेण्याचं कारण नाही. 'टी-१६०००एम'सारख्या जॉयस्टिकच्या मुख्य दोन अक्षांना चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर आहेत. तिथे घासणारं काही नाही, त्यामुळे ते टिकतात. जुनी घेताना चकचकीतपणा नको, विंडोजमधली ती खिडकी बघा.

'माझी जॉयस्टिक फार संवेदनशील आहे, नेमच लागत नाही' या तक्रारीत दोष बहुधा दांड्याच्या लांबीचा असतो. विमानातला दांडा लांब, त्यामुळे हात बराच हलला तरी कोन थोडाच बदलतो. टेबलावरचा वीतभर दांडा बोटभर हलवला की विमान गिरकी घेतं. सेटिंगमध्ये वक्र चढवला की मधला भाग मऊ होतो. त्यासाठी एक रुपया लागत नाही. थ्रॉटल पुढे केल्यावर इंजिन मंदावत असेल, तर तोही बिघाड नाही; अक्ष उलटा करायची खूण तिथेच असते.

आणि 'वॉर थंडर' या खेळासाठी? तिथल्या आर्केड आणि रिअॅलिस्टिक लढायांत माऊसवाला जॉयस्टिकवाल्याला सहज लोळवतो, कारण माऊसने फक्त दिशा दाखवायची. विमान वळवायचं काम खेळच करतो. जॉयस्टिकचा खरा उपयोग सिम्युलेटर लढायांत. नुसती आर्केड खेळणाऱ्याने पैसे खिशातच ठेवावेत.

पैसे उरलेच, तर वेगळ्या थ्रॉटलआधी डोक्याकडे बघा. 'ओपनट्रॅक' हे फुकट सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर चालतं: मान वळली की कॉकपिटमधली नजर वळते. डॉगफाइटमध्ये शत्रू बहुतेक वेळ समोर नसतो, मागे किंवा डोक्यावर असतो. दोन-अडीचशे बटणांचा संच घेऊनही तो दिसला नाही, तर गोळी झाडायची कुणावर?