अर्ध्या वितीसाठी पाचशे फावडी

वाळूची टेकडी, ५०० माणसं, ५०० फावडी! बेल्जियममध्ये जन्मलेला, मेक्सिकोत राहणारा कलावंत फ्रान्सिस आलिस. ११ एप्रिल २००२ रोजी त्याने पेरूमध्ये, लिमा शहराच्या कडेला वेंतानिया इथे ही माणसं उभी केली. काम एकच : टेकडी सरकवायची. श्रद्धेने डोंगर हलतात हे बायबलमधलं वचन त्याने अक्षरशः करून बघायचं ठरवलं. त्या दिवसाचं चित्रण नंतर व्हिडिओ-मांडणी होऊन कलादालनांत पोचलं.

टेकडीचा व्यास ५०० मीटर. क्षेत्रफळ धरा ४८ एकर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन शिवाजी पार्क! आणि माणसं किती? गर्दीच्या वेळी नऊ डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार हजार माणसं कोंबलेली असायची, म्हणजे इथे एक डबा रिकामा झाला म्हणा. या पाचशे जणांची एक रांग कंगव्यासारखी टेकडी चढते. फावडं वाळूत घुसतं, उचललं जातं, वाळू पुढे भिरकावली जाते, पाय रुततो, पुढचं पाऊल. धुरळ्यात शेजारचा दिसेनासा होतो, तरी रांग मोडत नाही.

चला, हिशेब करू. एका फावड्यात ५ किलो वाळू, मिनिटाला १० फावडी असं समजा. पाचशे जणांचे मिनिटाला २५ टन! वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर पंचवीस मिनिटांच्या आत बुजली. दोन तास वीस मिनिटांत ३,५०० टन, म्हणजे अख्खी मालगाडी भरली!

आणि टेकडी सरकली किती? साधारण १० सेंटिमीटर. अर्धी वीत!

कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त फळ, हे कंपनीचं गणित. आलिसने ते उलटं टांगलं : कष्ट जास्तीत जास्त, फळ कमीत कमी. मला हे फार थोर वाटतं. पाचशे माणसं राबली आणि राबताना रांगेत एकमेकांना धरून राहिली, एवढीच त्यांची कमाई.

आता हीच टेकडी रोज अर्धी वीत सरकवत मुंबईहून पुण्याला न्या. अंतर दीडशे किलोमीटर. लागतील १५ लाख दिवस! माणशी ५०० रुपये रोज धरला, तर मजुरी ३७,५०० कोटी रुपये! आणि वर्षं? चार हजार शंभर! मोहेंजोदडोच्या गल्ल्यांत माणसं नांदत होती तेव्हा पहिलं फावडं पडलं असतं, तर टेकडी आत्ता कुठे स्वारगेटला टेकली असती!